पाणचट आणि पाणीदार : उपसर्ग-प्रत्यय ओळखायची आणि वापरायची रीत

कोल्हापुरात कुणाच्या रश्श्याला ‘पाणचट’ म्हणणं म्हणजे त्या घराच्या स्वयंपाकालाच नाव ठेवणं. आणि तालमीत नव्यानं आलेल्या पोराला वस्तादांनी ‘पाणीदार’ म्हटलं, तर त्याच्या बापाची छाती फुगते. दोन्ही शब्दांत पाणी तेच. एकाला मागून ‘चट’ लागला, दुसऱ्याला ‘दार’, आणि एवढ्यावर एकाची निंदा झाली, दुसऱ्याचं कौतुक झालं.

मराठी शिकवताना मला सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग हाच आहे, आणि शाळेत सगळ्यात रुक्ष करून टाकलेला भागही हाच. पुस्तकात उपसर्गांची, म्हणजे शब्दाच्या पुढे लागणाऱ्या तुकड्यांची, यादी येते, प्रत्ययांची, म्हणजे मागे लागणाऱ्या तुकड्यांची, यादी येते, मुलं ती पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि सुट्टीत विसरतात. यादी पाठ करून शब्द कळत नाही, तो हातात घेऊन सोलावा लागतो. ती सोलायची रीत पुढे क्रमानं सांगते. घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्यांना, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि मराठीत काहीही लिहिणाऱ्याला तिचा उपयोग होईल.

साहित्य फार लागत नाही. एक वही घ्या, तिच्यात तीन रकाने आखा: पुढचा तुकडा, मूळ शब्द, मागचा तुकडा. जवळ एक चांगला मराठी शब्दकोश असू द्या. शब्द मात्र पुस्तकातून घेऊ नका, आधी आपल्या बोलण्यातले घ्या.

पहिली पायरी : विभक्ती बाजूला काढा

शब्दाच्या मागे लागणारं सगळंच नवा शब्द घडवत नाही. ‘कोल्हापूरकरांनी’ हा शब्द घ्या. शेवटचा ‘नी’ हा विभक्तीचा प्रत्यय. तो वाक्यात नातं सांगतो आणि गप्प बसतो. त्याच्या आधी अनेकवचनाचा ‘आं’ आहे, तोही वाक्याच्या गरजेपुरता. दोन्ही काढले की उरतो ‘कोल्हापूरकर’. इथला ‘कर’ वेगळा आहे. त्यानं गावाचं नाव घेतलं आणि माणूस उभा केला. कोशात ‘कोल्हापूरकरांनी’ सापडणार नाही, पण ‘कर’ लागून झालेली आडनावं आणि माणसं आपल्या अवतीभवती शेकड्यांनी आहेत.

म्हणून पहिला नियम असा: स, ला, ते, ने, नी, शी, हून, त हे आणि त्यांचे भाऊबंद आधी उतरवून ठेवा. मराठीत नवा शब्द घडवणारे प्रत्यय आत, मुळाला चिकटून बसतात आणि विभक्ती बाहेर, शेवटी लागते. हा क्रम सहसा मोडत नाही. तो डोक्यात बसला की निम्मा गोंधळ मिटतो.

दुसरी पायरी : बाहेरून आत जा

आता उरलेला शब्द सोला, कांद्यासारखा, सगळ्यात बाहेरची साल आधी. ‘बेजबाबदारपणा’ घ्या. पुढे ‘बे’, मागे ‘पणा’. आधी काय काढायचं? अर्थाला विचारा. हा शब्द म्हणजे बेजबाबदार असण्याचा दोष. म्हणजे ‘पणा’ सगळ्यात शेवटी लागला, तो आधी काढा. उरला ‘बेजबाबदार’. त्यातून ‘बे’ काढला की ‘जबाबदार’. आणि ‘जबाबदार’ म्हणजे जबाब धरणारा, जबाब देणं ज्याच्याकडे लागतं तो: जबाब आणि दार. ‘जबाब’ अरबी, ‘दार’ आणि ‘बे’ फारसी, ‘पणा’ आपला. चार तुकडे आणि तीन भाषा एका शब्दात नांदतात, तरी बोलताना कुठे सांधा जाणवत नाही.

गावातल्या ग्रामपंचायतीत रोज उच्चारला जाणारा ‘उपसरपंच’ याहून मजेदार आहे. ‘पंच’ संस्कृत. त्यावर फारसी ‘सर’, म्हणजे डोकं, प्रमुख. झाला सरपंच. त्या फारसी-संस्कृत जोडीवर पुन्हा संस्कृत ‘उप’, म्हणजे जवळचा, हाताखालचा. शुद्धतेचा फार आग्रह धरणाऱ्यानं हा शब्द एकदा नीट बघावा. भाषा अशीच वाढते आणि यात कमीपणा काही नाही.

दरवेळी एकेक साल काढल्यावर खाली उरलेला शब्द बोलण्यात जगतो का ते पाहा. ‘उपसरपंच’मधून ‘उप’ काढला, ‘सरपंच’ जगला. ‘सर’ काढला, ‘पंच’ जगला. इथे थांबायचं.

तिसरी पायरी : तुकडा खरा आहे का ते तपासा

ही पायरी पुस्तकांत बहुधा नसते आणि परीक्षेत गुण इथेच जातात. शब्दाच्या सुरुवातीला ‘बिन’ दिसला म्हणून तो उपसर्ग होत नाही. ‘बिनीचा शिलेदार’ यातली बिनी म्हणजे फौजेची आघाडी, तिचा ‘बिनचूक’मधल्या ‘बिन’शी संबंध नाही. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तिथला ‘अडत्या’ हा ‘अडत’ म्हणजे दलाली, त्यावरून आलेला. ‘आडवाट’, ‘आडनाव’मधला ‘आड’ तो नव्हे.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘पैलवान’. गाडीवान म्हणजे गाडी हाकणारा, बलवान म्हणजे बळ असलेला, मग पैलवान म्हणजे ‘पैल’ असलेला का? तसं नाही. तो फारसीतून अख्खा आलेला शब्द आहे, मराठीत तो फुटत नाही. त्याला पुढे प्रत्यय लागतो, ‘पैलवानकी’ होते, पण त्याच्या आत ‘वान’ शोधू नका. तसंच ‘खानावळ’. नगारखाना, दवाखाना, कारखाना यांच्यात ‘खाना’ म्हणजे जागा, घर. खानावळीचा त्या ‘खाना’शी संबंध नाही. ती खाण्यावरून आली, आणि तिच्यामागे ‘आवळ’ आहे. तो प्रत्यय पुढे भेटेलच.

मग खरा तुकडा ओळखायचा कसा? दोन प्रश्न विचारा. तुकडा काढल्यावर उरलेल्याला अर्थ आहे का? आणि तोच तुकडा, त्याच अर्थानं, आणखी दोन-तीन शब्दांना लागलेला दाखवता येतो का? ‘बिनचूक, बिनधास्त, बिनविरोध, बिनपगारी’: सगळीकडे ‘शिवाय’ हाच अर्थ, म्हणून ‘बिन’ खरा.

काही ठिकाणी तुकडा एके काळी खरा होता, आता झिजून मुळात मिसळला. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतला ‘कुंभार’ मुळात कुंभकार. लोहकाराचा लोहार झाला, सुवर्णकाराचा सोनार, चर्मकाराचा चांभार. शेवटचा ‘आर’ हा ‘कार’चा झिजलेला अवशेष. इतिहास म्हणून हे माहीत असावं. आजच्या मराठीत मात्र ‘कुंभ’ आणि ‘आर’ असे तुकडे पाडून नवा शब्द घडवता येत नाही, म्हणून वहीत हे शब्द वेगळ्या पानावर ठेवा.

चौथी पायरी : उपसर्ग कुठल्या दिशेला नेतो ते पाहा

संस्कृत उपसर्ग बावीस मानले जातात: प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निस्, निर्, दुस्, दुर्, वि, आ, नि, अधि, अपि, अति, सु, उत्, अभि, प्रति, परि, उप. प्रत्येकासमोर एक अर्थ लिहून पाठ करायची सवय मोडा. उपसर्ग अर्थापेक्षा दिशा जास्त देतो, आणि कुठल्या धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मुळाला, लागला त्यावर बाकीचं ठरतं.

‘हृ’ हा धातू म्हणजे नेणं, हरण करणं. त्याचा ‘हार’ झाला. आता पुढे एकेक तुकडा लावत चला. आत घेतलं ते ‘आहार’. मोकळेपणानं इकडेतिकडे फिरणं म्हणजे ‘विहार’. जोरानं पुढे टाकलं ते ‘प्रहार’, सगळं एकत्र आवरून संपवलं तो ‘संहार’, बाजूला सारलं तो ‘परिहार’, दुसऱ्याचं परस्पर लाटलं तो ‘अपहार’. वर उचललं तो ‘उद्धार’, यात ‘उत्’ आणि ‘हार’ एकमेकांत मिसळून ‘द्ध’ झाला आहे. ‘वि’ आणि ‘अव’ दोन्ही लागले की ‘व्यवहार’. जेवणापासून सर्वनाशापर्यंत सगळा पल्ला एका ‘हार’नं गाठला, धातू जागचा हललाही नाही.

मुलांना मी नेहमी ‘गैरव्यवहार’ सोलायला देते. ‘गैर’ अरबीतला, मग ‘वि’ आणि ‘अव’ संस्कृत, मग ‘हार’. वर्तमानपत्रात तो आठवड्यातून चारदा छापला जातो आणि एकदा सोलून बघितलेला माणूस पुढे प्रत्येक वेळी तो वेगळ्या नजरेनं वाचतो.

याच घराण्यात एक चूक आपल्या शहरात सर्रास रंगवलेली दिसते. कितीतरी पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेलं असतं. उप अधिक हार म्हणजे उपहार: भेट, नजराणा. मिसळ मिळते तिथे आहार मिळतो. उप अधिक आहार म्हणजे उपाहार, थोडकं खाणं. म्हणून पाटीवर ‘उपाहारगृह’ हवं, आणि कार्यक्रमपत्रिकेत ‘अल्पोपाहार’. एका कान्यावरून हॉटेल आणि भेटवस्तूचं दुकान वेगळं होतं, म्हणून हा कान्याचा आग्रह मी सोडत नाही.

‘ईक्ष्’ म्हणजे पाहणं, त्याचं घराणंही असंच श्रीमंत आहे. सगळ्या बाजूंनी पाहिलं ती परीक्षा, नीट एकत्र पाहिलं ती समीक्षा, वाटेकडे पाहिलं ती प्रतीक्षा, बारकाईनं पाहिलं ते निरीक्षण. आणि दोन जुळ्या दिसणाऱ्या बहिणी, अपेक्षा आणि उपेक्षा: एकीत आपण कशाची तरी वाट बघतो, दुसरीत समोर असलेल्याकडे बघतच नाही. अप आणि उप एवढाच फरक. या घराण्याचा रोकडा फायदा असा की ‘परीक्षा’तली ‘री’ दीर्घ का, हे पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. ‘परि’मधला ह्रस्व ‘इ’ आणि ‘ईक्षा’तला दीर्घ ‘ई’ एकत्र आले, म्हणून ‘री’ दीर्घ. ‘परिसर’, ‘परिवार’ यांच्यात मागे ‘ई’ नाही, तिथे ती ह्रस्व. क्लासच्या फलकावर ‘परिक्षा’ लिहिलेलं दिसलं की हे तेवढं समजावून सांगा.

नकार देणारे उपसर्ग सोपे वाटतात, पण त्यांच्यात एक खाच आहे. ‘असत्य’ म्हणजे सत्य नव्हे ते, ठीक. मग ‘अमूल्य’ म्हणजे ज्याला किंमत नाही असं का? उलट, ज्याची किंमतच करता येत नाही असं. ‘असंख्य’ म्हणजे मोजता न येण्याइतके, ‘अपार’ म्हणजे पार न लागणारं, ‘बेसुमार’ म्हणजे शुमार न राहिलेलं. नकार गुणाला लागला की उणीव दाखवतो, आणि मोजमापाला लागला की बहुतेकदा मोजमापच उधळून देतो. हे सूत्र लक्षात ठेवलंत तर या जातीचे शब्द बिचकवणार नाहीत.

आणि ‘अ’ कधी, ‘अन्’ कधी? पुढे व्यंजन असेल तर ‘अ’: असत्य, अशक्य. पुढे स्वर असेल तर ‘अन्’: अनावश्यक, अनादर, अनौपचारिक.

पाचवी पायरी : पाहुणा कुठला ते विचारा

मराठीत तीन घरचे उपसर्ग नांदतात. संस्कृत वर आले. मराठीचे स्वतःचे: आडवाट, आडनाव यांतला ‘आड’, पडसाद, पडजीभ यांतला ‘पड’, भरधाव, भरदिवसा यांतला ‘भर’, निकामी, निनावी यांतला ‘नि’, अदपाव, अदशेर यांतला ‘अद’, आणि ‘बिन’. फारसी-अरबीतून आलेले: बेशिस्त, गैरहजर, नापसंत, कमनशिबी, बदनाम, दरसाल, हररोज, लाजवाब.

परीक्षेत ‘उपसर्गाचा प्रकार ओळखा’ असा प्रश्न येतो, तेव्हा मुळावर जाऊ नका, उपसर्गावर जा. ‘बेशिस्त’मध्ये ‘बे’ फारसी, म्हणून फारसी उपसर्ग, मागचा शब्द कुठलाही असो. बोलताना मात्र हे कुंपण कुणी पाळत नाही. ‘बिन’ तर मोठ्या मनाचा. तो साखरेलाही लागतो, पगारालाही, विरोधालाही. नवा शब्द घडवायचा झाला तर माझी पहिली पसंती त्यालाच.

फारसी प्रत्ययांचं शिक्षण कोल्हापूरकराला दगडातच मिळतं. जुन्या राजवाड्याचा नगारखाना रोज डोळ्यासमोर आहे. पन्हाळ्यावर जा, तिथे धान्याच्या त्या प्रचंड कोठ्या आहेत, गंगा, यमुना, सरस्वती. त्या जागेला लोक अंबरखाना म्हणतात. मूळ शब्द ‘अंबार’, म्हणजे रास, साठा, त्याला ‘खाना’. आकाशाच्या ‘अंबर’चा तिथे संबंध नाही. आणि ‘जामदारखाना’ यात दोन प्रत्यय एकावर एक: जामा म्हणजे वस्त्र, ते सांभाळणारा जामदार, आणि मौल्यवान वस्त्रं-दागिने ठेवायची त्याची जागा तो जामदारखाना.

सहावी पायरी : प्रत्ययानं काम कसं बदललं ते लिहा

उपसर्ग सहसा शब्दाची जात बदलत नाही. प्रत्यय बदलतो. क्रियापदाचं नाम होतं, नामाचं विशेषण, विशेषणाचं पुन्हा नाम. वहीत प्रत्येक शब्दापुढे ‘आधी काय होता, आता काय झाला’ हे लिहाच.

‘लढ’ हा धातू घ्या, कोल्हापुरात याहून जवळचा मिळणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात १९१२ पासून होते ती ‘लढत’. तिला कुणी ‘लढाई’ म्हणत नाही, लढाई फौजांची. गिरणी कामगारांनी हक्कासाठी दिला तो ‘लढा’. विमान ‘लढाऊ’ असतं, बाणाही लढाऊ असतो. आणि माणूस ‘लढवय्या’. त, आई, आ, आऊ, वय्या: पाच प्रत्यय, पाच वेगळे शब्द, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. धातूपासून झालेल्या या शब्दांना व्याकरणात कृदन्त म्हणतात. नाम, विशेषण अशांपासून झाले तर तद्धित. नावं परीक्षेपुरती लक्षात ठेवा. धातू ओळखायची युक्ती सोपी आहे: मुळाला ‘णे’ लावून पाहा, ‘लढणे’ झालं, म्हणजे धातू.

आता दोन शब्द जवळजवळ ठेवते. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा ठेवण्याचा हुकूम काढला. त्याला आज आपण ‘आरक्षण’ म्हणतो, आणि त्या जागांना ‘राखीव’. आरक्षणात संस्कृत ‘रक्षण’च्या पुढे ‘आ’ लागला. राखीवमध्ये मराठी ‘राख’च्या मागे ‘ईव’ लागला. आणि हा ‘राख’ त्या ‘रक्ष्’वरूनच आलेला. एकच मूळ, एकदा संस्कृत उपसर्गाच्या वाटेनं आलं आणि एकदा मराठी प्रत्ययाच्या. ‘ईव’ फार देखणा प्रत्यय आहे: अंबाबाईच्या मंदिरातलं कोरीव काम, रेखीव चेहरा, आटीव दूध, घोटीव पाषाण. काम पूर्ण होऊन वस्तूत मुरलं आहे, हे तो दोन अक्षरांत सांगतो.

मघाचा ‘आवळ’ इथे येतो. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिना घडवून घेतला की सोन्याच्या भावावर ‘घडणावळ’ लागते. कपडे शिवले की शिवणावळ, दळून आणलं की दळणावळ, धुवून घेतलं की धुणावळ. कामाचं नाव आणि त्यामागे ‘आवळ’, म्हणजे त्या कामाचे पैसे. हल्ली बिलावर ‘मेकिंग चार्ज’ छापलेला दिसतो. माझ्या मते घडणावळ जास्त नेमकी आहे आणि ती बिलावर परत यायला हवी.

माणूस दाखवणारे प्रत्यय भराभर बघू. शेतकरी, वारकरी, जोतिबाच्या सासनकाठीचे मानकरी, यांत ‘करी’. गुऱ्हाळात रस आटवून गूळ उतरवणारा ‘गुळव्या’. कुस्ती खेळतो तो ‘कुस्तीगीर’, कारण फारसी ‘गीर’ म्हणजे धरणारा. आणि ‘कर’ दोन आहेत. हितकर, सुखकर यांत ‘करणारा’ हा अर्थ, कोल्हापूरकर, सातारकर यांत ‘तिथला’ हा अर्थ. गावाचं नाव ‘आ’कारान्त असेल तर काय होईल याचा पक्का नियम नाही: आजऱ्याचा आजरेकर होतो, पण पन्हाळ्याचा पन्हाळकर. हे ऐकूनच शिकावं लागतं.

सातवी पायरी : प्रत्ययाचा स्वभाव ऐका

आता माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग. मराठी प्रत्यय नुसता अर्थ देत नाही, बोलणाऱ्याचं मन सांगतो. इथे कोश थोडीच मदत करतो, कान जास्त करतो.

चवींपासून सुरुवात करा. ‘आंबट’ ही चव. ‘आंबटसर’ म्हणजे थोडी आंबट, आणि बहुतेक वेळा हवीशी. ‘सर’ सौम्य आहे: गोडसर, ओलसर, पिवळसर, यांत तक्रार नाही. पण ‘कट’ लागला की तोंड वाकडं झालंच: तेलकट, मळकट, धुरकट, मातकट. आणि ‘चट’ लागला की संपलं: पाणचट, गुळचट, खुळचट. गूळ ही कोल्हापूरच्या अभिमानाची गोष्ट, पण चहा ‘गुळचट’ झाला म्हणजे नकोसा गोड झाला.

‘खूळ’चं तर विशेष आहे. ‘नाद खुळा!’ ही आपल्याकडची सगळ्यात मोठी दाद. त्याच खुळाला ‘चट’ लावून कुणाला ‘खुळचट’ म्हणा, भांडण होईल. ‘खुळेपणा’ म्हणा, आई लेकराला समजावते तसं वाटेल. शब्द तोच, तीन प्रकारची माया आणि राग.

‘पण’ आणि ‘पणा’ यांच्यातली रेषाही ऐकण्यासारखी आहे. ‘शहाणपण’ म्हणजे समज. ‘शहाणपणा करू नकोस’ म्हणजे आगाऊपणा करू नकोस. पण ही रेषा सगळीकडे ओढू नका, ‘साधेपणा’, ‘प्रामाणिकपणा’ हे कौतुकाचेच शब्द. तसंच ‘गिरी’. मुलूखगिरीला इतिहासात मान, दादागिरीला चौकीत तक्रार.

नावांना लागणारे प्रत्यय नात्यावर चालतात. सचिनचा ‘सच्या’, गणपतचा ‘गण्या’. जिवलग मित्र म्हणाला तर जवळीक, परक्यानं म्हटलं तर अपमान. तोच गणपत पुढे वयानं आणि मानानं मोठा झाला की गणपतराव. आणि देवाला आपण विठोबा, खंडोबा, जोतिबा म्हणतो, आदर आणि घरोबा एकाच ‘बा’मध्ये.

लिहिणाऱ्यांना एकच सांगणं: विशेषण निवडताना त्याचा प्रत्यय मोठ्यानं म्हणून पाहा. तुमच्या मनात कौतुक असेल आणि लेखणीतून ‘कट’ उतरला असेल, तर वाचक ‘कट’वरच विश्वास ठेवेल.

आठवी पायरी : जोडताना शुद्धलेखन सांभाळा

आपल्या गावाच्या नावातच एक पूर्ण धडा आहे. ‘कोल्हापूर’ लिहिताना ‘पू’ दीर्घ. ‘कोल्हापुरी’, ‘कोल्हापुरात’ लिहिताना ‘पु’ ह्रस्व. ‘कोल्हापूरकर’ लिहिताना पुन्हा दीर्घ. का? ‘ई’ किंवा सामान्यरूपाचा (विभक्ती लागण्याआधी शब्द बदलतो त्या रूपाचा) ‘आ’ लागला की शेवटचं अक्षर बदलतं आणि त्याच्या आधीचा दीर्घ ऊ आखडतो. ‘कर’ लागताना मूळ शब्द जसाच्या तसा राहतो, म्हणून दीर्घ टिकतो. पंचगंगेचा पूर याच नियमानं चालतो, म्हणून एक वाक्य पाठ करून टाका: ‘कोल्हापुरात पुराचं पाणी आलं तेव्हा काही कोल्हापूरकर पूररेषेबाहेर होते.’ २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे वाक्य विसरणं अवघड आहे. कुस्तीगीर-मुलूखगिरी, मूल-मुलाचा, फूल-फुलांचा यांतही हेच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपला दीर्घ सोडत नाहीत: शरीरास, सूत्रास, जीवास.

दुसरा धडा ‘इक’चा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं ते ‘भौगोलिक’ मानांकन. भूगोलाचा ‘भू’ गेला आणि ‘भौ’ आला. ‘इक’ लागताना शब्दातला पहिला स्वर वाढतो: अ चा आ, इ-ई-ए चा ऐ, उ-ऊ-ओ चा औ. समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक, दिन-दैनिक, आणि शिरोलीला आहे ती उद्योगाची ‘औद्योगिक’ वसाहत. लक्षात ठेवा, वाढतो फक्त पहिला स्वर. म्हणून ‘परंपरा’पासून ‘पारंपरिक’, आणि ‘पारंपारिक’ चूक. व्यवसायापासून ‘व्यावसायिक’, ‘व्यवसायिक’ चूक. रसिक, धनिक, क्रमिक यांत ही वाढ होत नाही, ते अपवाद म्हणून वेगळे लिहून ठेवा.

तिसरी गोष्ट, एका कामाला दोन प्रत्यय लावू नका. ‘सुंदर’चं भाववाचक नाम ‘सौंदर्य’ किंवा ‘सुंदरता’. ‘सौंदर्यता’ नाही. ऐक्यता, औदार्यता, दारिद्र्यता हेही तसेच. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत वरचा, त्याला ‘तम’ कशाला? ‘निरपराध’ म्हणजेच ज्याचा अपराध नाही तो, मागे पुन्हा ‘ई’ नको.

उपसर्ग जुळतानाचे दोन सांधे तेवढे बघा. ‘उत्’ अधिक ‘ज्वल’ म्हणजे ‘उज्ज्वल’, दोन ज. ‘निर्’ अधिक ‘रस’ म्हणजे ‘नीरस’: एक र गळतो आणि नि दीर्घ होते.

नववी पायरी : चालता चालता सराव

मुलांना घेऊन कोल्हापुरातल्या भवानी मंडपातून निघा. नगारखाना दिसेल, तो लिहा. गुजरीतून जाताना घडणावळ आठवा. पापाच्या तिकटीला थांबून विचारा, ‘ति’ म्हणजे किती? तिपदरी, तिहेरी, तिठा हे शब्द मुलं स्वतःच सांगतात. मग गंगावेश. इथे सावध राहा: ‘वेश’ म्हणजे वेस, तो स्वतंत्र शब्द आहे, प्रत्यय नव्हे, म्हणून गंगावेश हा समास. ‘पूरग्रस्त’, ‘विद्यापीठ’ यांनाही हीच कसोटी लावा. दोन्ही भाग आपापल्या पायावर उभे राहत असतील तर बहुधा समास, एक भाग टेकूशिवाय उभा राहत नसेल तर उपसर्ग किंवा प्रत्यय.

घरी आल्यावर वहीतल्या एका मुळाला जितके तुकडे लागतील तितके लावा. उदाहरणादाखल ‘गोड’: गोडी, गोडवा, गोडसर, गोडपणा. मग प्रत्येकाचं एक वाक्य करा. वाक्य केल्याशिवाय ‘गोडी’ आणि ‘गोडवा’ यांतला फरक उमगत नाही: वाचनाची गोडी लागते, बोलण्यात गोडवा असतो.

अनोळखी शब्द समोर आला तर घाबरून न जाता याच क्रमानं जा. ‘अपरिहार्यतेमुळे’ घ्या. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय आणि सामान्यरूप बाजूला काढा, उरली ‘अपरिहार्यता’. मागचा ‘ता’ काढा, ‘अपरिहार्य’. पुढचा ‘अ’ काढा, ‘परिहार्य’. मागचा ‘य’ म्हणजे ‘करण्याजोगं’, तो काढला की ‘परिहार’, बाजूला सारणं. आता उलट जोडा: बाजूला सारण्याजोगं, तसं नसलेलं, तसं नसण्याची अवस्था. म्हणजेच टाळता न येणं.

वहीसाठी आठ शब्द देते: निष्काळजीपणा, अनपेक्षित, दुकानदारी, बिनबोभाट, पुणेकर, ऐतिहासिक, नाइलाजानं, अव्यावहारिक. यातल्या ‘अनपेक्षित’ला दोन उपसर्ग आहेत आणि ‘ईक्ष्’ आत लपला आहे. ‘नाइलाजानं’मधून आधी विभक्ती काढा. आणि ‘अव्यावहारिक’ सोलताना पहिला स्वर कुठे वाढला आहे ते नीट पाहा: ‘इक’ लागला तो ‘व्यवहार’ला, नकाराचा ‘अ’ त्यानंतर आला, म्हणून वाढला तो ‘व्य’मधला स्वर आणि पुढचा ‘अ’ तसाच राहिला.